पहिली गाडी आणि उरलेले तुकडे

कर्वेनगर
सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला बायकोने खोकं हातात ठेवलं. लेगो टेक्निकची, सुटे तुकडे जोडून करायची खेळण्यातली पोर्शे ९११ आरएसआर, १५८० तुकडे. शनिवार-रविवारात हातावेगळी करू म्हणून बसलो, त्याला आता तिसरा आठवडा. लहानपणी साध्या विटा एकमेकींवर दाबून घरं केली होती, तेवढंच भांडवल. इथे वीट नावालाच. सगळा कारभार भोकांच्या पट्ट्या, पिना, ॲक्सल (चाकं-गिअर ओवायचे दांडे) आणि गिअर यांचा. सुटे भाग निवडून ठेवायला मिसळणाचा डबा मागितला, तो मिळाला नाही. आठ वाट्या मिळाल्या.

काळी पिन आणि फिकट पिन यांत फरक असतो हे बरंच पुढे गेल्यावर कळलं. काळीच्या अंगावर बारीक कड असते, ती भोकात घट्ट बसते. फिकट असते ती गुळगुळीत, मोकळी फिरते. स्टिअरिंगच्या सांध्यात मी हाताला येईल ती काळी बसवली होती. चाकं वळताना कुरकुरायला लागली तेव्हा पुढची अख्खी बाजू उसवली.

आता मागची चाकं बसलीत, पण एक हाताने पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरतंय. कुठे चुकलं? तुमच्या पहिल्या गाडीचं काय झालं तेही लिहा, म्हणजे मला एकट्यालाच वाईट वाटणार नाही.

चिंचवड, निवृत्त
काही चुकलेलं नाही. तो डिफरन्शियल आहे आणि चोख चाललाय. मी तीस वर्षं ट्रकचे ॲक्सल जोडले, म्हणून सांगतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडली तर एक घासत जाईल, म्हणून मधे ही गिअरची पेटी. इंजिनाकडचा दांडा अडून राहिला की एक चाक जेवढं पुढे, तेवढंच दुसरं मागे. सहा पिस्टनांचं ओझं आहे, दांडा अडणारच. दोन्ही चाकं जमिनीला टेकवून गाडी ढकला आणि पिस्टन हलतात का बघा.

माझंही ऐका. गेल्या दिवाळीत नातवाने असली गाडी जोडायला बसवलं आणि माझ्याच हातून दांडा जाम झाला! सवय, दुसरं काय. कारखान्यात सगळं आवळून घ्यायचं, इथे बुश (दांड्यावर ओवायचं छोटं कडं) पट्टीला दाबून बसवला की संपलं. मधे कागद सरकेल एवढी फट हवी. आणि दर टप्प्याला दांडा बोटाने फिरवून बघा. नातू बघत होता, मी नाही.

सहकारनगर
आमच्याकडे गाडी लेकाची, पण जोडली मीच, तो झोपल्यावर. एके दिवशी तीन खणांचा एक ॲक्सल गायब. (या पट्ट्यांत दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर, त्यालाच आम्ही खण म्हणतो. पुस्तिकेत ॲक्सलचं चित्र खऱ्या मापाचं असतं, त्यावर तुकडा ठेवून लांबी ताडायची.) चार खणांचा लावून बघितला, तर टोक बाहेर येऊन दाराला अडायला लागलं. सोफा सरकवला, गादी झटकली. दोन दिवसांनी मावशी म्हणाल्या, "ताई, ती राखाडी काडी मी खिडकीत ठेवलीय, केरात आली होती."

गाडी पूर्ण झाली ती ऐन दिवाळीत. मग काय, सोसायटीतल्या किल्ल्याच्या पायथ्याशी, मावळ्यांच्या रांगेत पार्किंग.

सदाशिव पेठ
पुस्तिकेत दाखवलंय तिथे तुकडा दाबायचा, यात कौशल्य ते काय, असं मीही म्हणायचो. आमचं बालपण मेकॅनिक्सवर गेलं. पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट, छोटा पाना. तिथे चूक झाली की दोन बोल्ट ढिले करून पट्टी सरकवता यायची. मग भाचीने गाडी आणली. मी ऐटीत बसलो आणि एक पट्टी एका भोकाने पुढे लावली. त्यावर तीन थर चढल्यानंतर दोन्ही बाजू जुळेनात. आत गाडलेली पिन दातांनी ओढणार होतो, तेवढ्यात भाचीने मागून ॲक्सलचं टोक लावून ती ढकलून काढली. तेव्हापासून मत आवरतं घेतलंय. किमतीबद्दलचं मत मात्र कायम आहे.

शिवाजीनगर, होस्टेल
नवा संच परवडणारा नव्हताच. रविवारी जुन्या बाजारात एका पिशवीत गिअर आणि पट्ट्या मिळाल्या, घासाघीस करून घेतल्या. अर्ध्या अस्सल, अर्ध्या नकली. नकली पिना दोन-तीनदा काढघाल केल्यावर चिरतात, हे पैसे दिल्यावर कळलं. पुस्तिका नाही, म्हणून मनानेच सांगाडा केला. मोटरवर २४ दात्यांचा गिअर आणि चाकावर ८ दात्यांचा. म्हटलं तिप्पट वेग मिळेल. मोटर गुणगुणत राहिली आणि गाडी तसूभर हलली नाही. वेग तिप्पट झाला तसा जोर एक तृतीयांशावर आला होता, वर माझी फ्रेम वाकडी. गिअर अदलाबदल केले तेव्हा गाडी हळूहळू का होईना, कॉटखालून बाहेर आली. परीक्षेत हेच लिहून मार्क मिळवले होते, तरी.

कर्वेनगर
काका, तुम्ही म्हणालात तसं केलं. डिफरन्शियल ठीक आहे. पण ढकलल्यावर पिस्टन चार वेळा हलले आणि मग कट् कट् आवाज. काल रात्री मागचा भाग पुन्हा उघडला. एका ॲक्सलवर अर्धा बुश, जेमतेम ४ मिलिमीटरचा, घालायचा राहिला होता. त्या फटीत गिअर सरकून दाते सुटत होते. बारा वाजून गेले होते. पिस्टन हलताना दाखवायला बायकोला उठवलं. ती म्हणाली, "छान," आणि कूस बदलली.

वारजे
कालच पहिली गाडी संपवली! एक शंका आहे. वाटीत काही तुकडे उरलेत. बारीकसारीक तुकडे कंपनी जास्तीचे देते असं ऐकलंय, म्हणून दोन पिना आणि एका बुशचं काही वाटत नाही. पण २४ दात्यांचा एक गिअरही उरलाय.