सुटं पॅकेज सामायिक रेपोत हलवायचंय: इतिहास, टॅग आणि इश्यू कसे न्यावेत?

अर्धविराम
एक पायथन लायब्ररी गिटहबवर स्वतंत्र रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) आहे: सुमारे ९०० कमिट (नोंदवलेले बदल), ४० टॅग (आवृत्त्यांच्या खुणा), ६० उघडे इश्यू (नोंदवलेल्या अडचणी). ती एका मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या रेपोत 'पॅकेजेस' फोल्डरखाली न्यायची आहे. तिथल्या मेन्टेनरांची संमती मिळाली आहे. नुसत्या फायली कॉपी केल्या तर ब्लेममध्ये (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी गिटची सोय) सगळ्या ओळी एकाच माणसाच्या नावावर लागतील, म्हणून ते नको. इतिहासासकट हलवायला गिटचं सबट्री वापरावं की इतिहास नव्याने लिहिणारं फिल्टर-रेपो? आणि पायपीआयवरचं (पायथन पॅकेजांचं सार्वजनिक भांडार) रिलीज मध्येच अडकू नये म्हणून काय करावं?

फांदीवरचा
फिल्टर-रेपो. सबट्रीने इतिहास येतो, ब्लेमही बऱ्यापैकी चालतं, पण जुन्या कमिटमधले पाथ जुनेच राहतात. नव्या फोल्डरवर लॉग मारला की तो विलीनीकरणाच्या कमिटपाशी येऊन थांबतो.

ताजा क्लोन घ्या. वापरातल्या क्लोनवर फिल्टर-रेपो चालायला नकार देतं. तिथे फोर्स लावून त्याचं तोंड बंद करू नका. 'टू-सबडिरेक्टरी-फिल्टर'ला नवा पाथ द्या आणि त्याच फेरीत 'टॅग-रीनेम'ने प्रत्येक टॅगच्या पुढे पॅकेजचं नाव जोडा. नाहीतर तुमचा 'व्ही१.२.०' आणि त्यांचा 'व्ही१.२.०' एकमेकांवर आदळणार.

आता बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट. जुन्या कमिट संदेशात 'फिक्सेस #४५' असेल आणि ते कमिट सामायिक रेपोच्या मुख्य शाखेत पोचलं, तर तिथला ४५ क्रमांकाचा, तुमच्याशी काडीचाही संबंध नसलेला इश्यू बंद होतो. ९०० कमिटमध्ये असे किती असतील ते मोजून बघा. 'रिप्लेस-मेसेज'ला नियमांची फाइल देऊन '#४५' चं 'जुनामालक/जुनारेपो#४५' करून घ्या, तेही विलीन करण्याआधी.

मग सामायिक रेपोत नवी शाखा काढा, गाळलेला क्लोन रिमोट म्हणून जोडा, टॅगांसकट फेच करा आणि 'अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज' देऊन मर्ज (विलीन) करा. गिट २.९ पासून या पर्यायाशिवाय मर्ज होत नाही. पुल रिक्वेस्टवर (बदल विलीन करण्याची विनंती) कोणी सवयीने स्क्वॉशचं बटण दाबलं, तर सगळी मेहनत एका कमिटमध्ये गोळा! रीबेसही (कमिट एकामागे एक नव्याने रचणं) नको. 'लिनियर हिस्टरी'चा (मर्ज कमिट न चालणारा) नियम लावलेला असेल तर तो तेवढ्यापुरता काढावा लागेल. डीसीओ तपासणी (कमिटवर लेखकाची साइन-ऑफ ओळ आहे का ते बघणारी) असेल तर जुनी कमिट साइन-ऑफ नाही म्हणून नापास होतील. मेन्टेनरांना आधीच सांगून ठेवा.

सगळे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) बदलतात आणि जीपीजी (डिजिटल) सह्या जातात, त्याला इलाज नाही. जुन्या-नव्या हॅशची जोडयादी 'कमिट-मॅप' फाइलमध्ये मिळते, ती जपून ठेवा.

टॅगवाली
वरच्याशी सहमत. रिलीजबद्दल:

पायपीआयचा ट्रस्टेड पब्लिशर (रिलीज करायची परवानगी दिलेल्या रेपोची नोंद) मालक, रेपो आणि वर्कफ्लो (गिटहबने आपोआप चालवायची कामं) फाइलचं नाव यांच्याशी बांधलेला असतो. एका प्रकल्पाला एकाहून जास्त पब्लिशर चालतात. नवा आजच जोडा. नव्या रेपोतून पहिलं रिलीज नीट गेलं की जुना काढा.

सबफोल्डरमधल्या वर्कफ्लो फायली गिटहब चालवत नाही. त्या रेपोच्या मुळाशी न्या आणि पाथ फिल्टर (त्या फोल्डरमध्ये बदल झाला तरच चालव, असा नियम) लावा. पण तीच तपासणी 'रिक्वायर्ड' (मर्जसाठी सक्तीची) असेल आणि फिल्टरमुळे वर्कफ्लो सुरूच झाला नाही, तर ती 'पेंडिंग' राहते आणि दुसऱ्या पॅकेजची पुल रिक्वेस्ट लटकते.

आवृत्ती-क्रमांक सेटअपटूल्स-एससीएम हे साधन टॅगवरून काढत असेल तर तीन बदल लागतील: रूट (रेपोचं मूळ) दोन पायऱ्या वर, टॅग ओळखणाऱ्या रेजेक्समध्ये (मजकूर जुळवायचा नमुना) नवा उपसर्ग, आणि डिस्क्राइबच्या (जवळचा टॅग शोधणाऱ्या) आदेशात फक्त आपलेच टॅग जुळवणं. शिवाय चेकआउट अ‍ॅक्शन (वर्कफ्लोत कोड उतरवून घेणारी पायरी) मुळात एकच कमिट आणते, टॅग आणत नाही. 'फेच-डेप्थ' ० करा, नाहीतर २.४ च्या जागी ०.१.डेव्ह असलं काहीतरी बिल्ड होईल.

लायसन्सची प्रत पॅकेजच्या फोल्डरमध्येच असू द्या. फक्त रेपोच्या मुळाशी असेल तर ती एसडिस्टमध्ये (सोर्स कोडच्या वितरण-गठ्ठ्यात) जात नाही.

अर्धविराम
दोघांचेही आभार. 'फिक्सेस'चं लक्षातच आलं नव्हतं, आत्ता मोजले तर ११२ निघाले. इश्यू कसे न्यायचे? दोन रेपोंचे मालक वेगळे आहेत.

फांदीवरचा
इश्यू ट्रान्सफर एकाच मालकाच्या रेपोंमध्ये होतं. म्हणून आधी जुना रेपोच त्यांच्या ऑर्गनायझेशनकडे सोपवा, मग इश्यू हलवा. त्याच नावाचं लेबल तिकडे असेल तरच ते सोबत जातं, तेव्हा लेबलं आधी तयार करा. जुने दुवे नव्या इश्यूकडे वळतात.

पुल रिक्वेस्ट हलत नाहीत. शक्य त्या आधीच मर्ज करा. उरलेल्यांचे फॉरमॅट-पॅच (कमिटच्या फायली) काढून 'एएम'ला (त्या लागू करणारा गिट आदेश) 'डिरेक्टरी' पर्यायाने नवा पाथ द्या, लेखकाचं नाव टिकतं. आर्काइव्ह सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर रेपो फक्त वाचता येतो. रीडमीतला नवा पत्ता त्याआधीच लिहून घ्या.

टॅगवाली
एक राहिलं: रेपो सोपवला की मालकाचं नाव बदलतं, म्हणजे जुना पब्लिशर त्याच क्षणी निकामी. मधल्या काळात जुन्या रेपोतून तातडीचं रिलीज लागू शकत असेल, तर नव्या मालकाच्या नावाने जुन्या रेपोचीही नोंद करून ठेवा.