आयरिश न शिकता द्रुइड होता येतं का?

लिफीकाठ:
डब्लिनमध्ये राहायला येऊन आता नऊ वर्षं झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला ओळखीच्या काही जणांबरोबर एका टेकडीवर गेलो होतो. हे लोक स्वतःला द्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचे वारस, म्हणवतात, निसर्गाला पूजतात, ऋतूंचे सण पाळतात. शेकोटी पेटवली, ब्रीद देवीला आवाहन केलं. माणसं मनापासून आली होती. पण सगळा विधी इंग्रजीत, मधेमधे आयरिश शब्द पेरलेले, आणि तेही चुकीचे.

चुकीचे म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. दोन वर्षं मी संध्याकाळच्या वर्गात आयरिश शिकतोय. या भाषेत हाक मारताना नावाची सुरुवातच बदलते. आपल्याकडे संबोधनात शब्दाचा शेवट बदलतो, ‘मुलगा’चं ‘मुला’ होतं. तिथे ‘ब्रीद’ला हाक मारायची तर ‘अ व्रीद’ म्हणायचं. त्या टेकडीवर तासभर जिला बोलावलं, तिला तिच्या भाषेत एकदाही हाक मारली गेली नाही. मला ते फार लागलं.

द्रुइडाला आजच्या आयरिशमध्ये ‘द्री’ म्हणतात, आणि ‘द्रीअख्त’ म्हणजे जादू. आयझॅक बोनविट्स यांनी १९८३ साली अमेरिकेत काढलेल्या द्रुइड संघटनेचं नावही आयरिश आहे, ‘आर न्रीअख्त फेन’, म्हणजे आपली स्वतःची द्रुइडविद्या. (‘आर’ म्हणजे आपलं. तो आला की पुढचा ‘द’ गिळला जातो आणि ‘न’ उमटतो. व्याकरणाचा अख्खा धडा त्या नावातच आहे.) ब्यालतने, लूनसा, साउन हे त्यांचे मोठे सण, आयरिशमध्ये मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांची हीच नावं आहेत.

२०२२च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे फक्त ७१,९६८. अशा भाषेतून देवता, सण, नावं सगळं घ्यायचं आणि भाषा तेवढी मागे ठेवायची, हे मला पटत नाही. आयरिश परंपरेचं नाव सांगणाऱ्या द्रुइडाने आयरिश शिकलीच पाहिजे.

सह्यवारा:
‘शिकलीच पाहिजे’ हे खटकलं. द्रुइडांचं सविस्तर जुनं वर्णन ज्युलियस सीझरने केलंय, आणि ते गॉलचं, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचं. काही जण वीस-वीस वर्षं पाठांतर करत, विद्या लिहून ठेवत नसत, असं तो सांगतो. त्यांची गॉलिश भाषा केव्हाच संपली. आणि आधुनिक पंथ तर आयर्लंडमध्ये जन्मलाच नाही. १७८१ साली लंडनमध्ये द्रुइडांच्या नावाने एक मंडळ निघालं, १९६४ साली रॉस निकल्स यांनी इंग्लंडमध्येच ‘ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स’ काढली. या पंथाची मायबोली इंग्रजीच.

शिवाय ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत कशासाठी आणली? विठ्ठलाला कानडा म्हणत म्हणत आपण त्याला मराठीतच आळवतो ना? मग त्या टेकडीवरच्या माणसांनी आपल्या देवीशी आपल्या भाषेत बोलावं, यात काय उणं?

लिफीकाठ:
ज्ञानेश्वरांनी मूळ गीता वाचून मग मराठीत आणली. इथे मुळाला कुणी हातच लावलेला नाही. इंग्रजीत प्रार्थना करा, माझी ना नाही. पण मग आयरिश शब्द मंत्रासारखे वापरू नका.

शोधयात्री:
द्रुइड म्हणजे द्रविड, हे कुणी कसं बोललं नाही? आपलेच ऋषी तिकडे गेले होते.

पुराभिलेख:
नाही. ‘द्रुइड’च्या जुन्या रूपातला ‘विद’ आणि आपल्या संस्कृतातला ‘विद्’, म्हणजे जाणणे, एकाच मुळाचे आहेत, आणि पहिला भाग बहुतेक अभ्यासक ‘द्रु’, म्हणजे झाड, याच्याशी जोडतात. केल्टिक भाषा आणि संस्कृत एकाच दूरच्या पूर्वज भाषेतून आल्या, इतकाच त्याचा अर्थ. इकडून तिकडे कुणी गेल्याचा हा पुरावा नव्हे.

मूळ वादात मी मधला आहे, कारण वेल्सचं उदाहरण समोर आहे. योलो मॉर्गनुग या वेल्श माणसाने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर ‘गोर्सेद’ हा कवी-द्रुइडांचा सोहळा पहिल्यांदा भरवला. प्राचीन म्हणून दाखवलेली कागदपत्रं त्याने स्वतःच रचली होती. वंशावळ खोटी. तरी तोच सोहळा पुढे वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य महोत्सवात आला, तिथे वेल्शमध्ये होतो, आणि कवींना तिथे मान मिळतो. पाया खोटा असूनही भाषेचं भलं झालं. आयरिश नावं घेणाऱ्यांनी हा धडा घ्यायला हवा.

आणि ओघम या आयरिशच्या जुन्या लिपीला झाडांचं गूढ पंचांग समजणाऱ्यांसाठी: आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये मिळून ओघमचे सुमारे ४०० दगड सापडलेत. त्यांवर बहुतेक माणसांची नावं आहेत, ‘अमक्याच्या मुलाचा’ अशी. ते पंचांग विसाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीचं.

गॉलवेची_सून:
सगळे द्रुइडांबद्दल बोलताय. आयरिश बोलणाऱ्यांना कुणी विचारलं का? माझ्या सासूबाई गॉलवेकडच्या कॉनेमारा भागातल्या, घरात आयरिशच. त्यांच्या भाषेत नमस्कार म्हणजे ‘देव तुझ्याबरोबर असो’, आणि त्याचं उत्तर ‘देव आणि मेरी तुझ्याबरोबर असोत’. ब्रीद त्यांच्यासाठी संत आहे. तिच्या दिवसाची २०२३पासून सुट्टी असते, तेव्हा घरात लव्हाळ्याचा क्रूस विणतात. एकोणिसाव्या शतकात इथे मुलांच्या गळ्यात काठी अडकवत, आयरिश बोललं की तिच्यावर एक खाच, आणि खाचा मोजून मार. एवढं सोसून जी भाषा घराघरांत टिकली, तिला परक्याने येऊन ‘द्रुइडांची गूढ भाषा’ म्हटलं की सासूबाईंना राग येतो. मलाही येतो.

सह्यवारा:
मग तुम्ही माझ्या बाजूच्या झालात. भाषा त्यांची, पंथ वेगळा.

गॉलवेची_सून:
नाही हो. शिकायला आलेल्या माणसाला त्यांनी कधी परत पाठवलेलं नाही. फक्त आधी जेवायला या, ‘मीठ दे’ म्हणायला शिका, देवीचं नंतर. त्यांच्या आई रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकताना एक प्रार्थना म्हणत: घराच्या दोन्ही टोकांना ब्रीद, मधे मेरी. सासूबाईंना ती अजून पाठ आहे.

लिफीकाठ:
हे वाचून मी माझा ‘शिकलीच पाहिजे’ हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही. त्या टेकडीवरच्या दोघांना ही प्रार्थना ऐकायची आहे. सासूबाईंना चालणार असेल तर पुढच्या शनिवारी आम्ही तिघे गॉलवेला येतो. त्यांना इकडून काय आणू?