वसतिगृहातील श्रमाची कामे: आठवणी हव्या आहेत

प्रश्न (सोलापूर)

आमच्या जुन्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थी मंडळापुढे सध्या एक विषय आहे. स्वयंपाक, झाडलोट आणि बागकाम पूर्णपणे ठेकेदाराकडे सोपवावे, असे संस्थाचालकांना वाटते. तर मुलांच्या हातचे काम गेले की वसतिगृह आणि खानावळ यांत फरक उरणार नाही, असे निवृत्त शिक्षकांचे म्हणणे आहे. १९८०च्या दशकात आम्ही तेथे होतो, तेव्हा पहाटे आडाचे पाणी शेंदणे, आवार झाडणे, पंगत वाढणे आणि ज्वारीच्या सुगीत संस्थेच्या रानात काढणीला जाणे ही कामे पाळीने होत. माझा कल मुलांनी कामे करावीत याकडेच आहे. तरीही मत देण्यापूर्वी इतरांचे अनुभव समजून घ्यावेत, असे वाटते. आपल्याकडे कोणती कामे होती, पाळी कोण लावत असे आणि रेक्टर स्वतः कामाला हात लावत का, हे कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: माजी विद्यार्थी, मंगळवेढा तालुका

मी १९७२च्या दुष्काळात वसतिगृहात होतो. त्या वर्षी आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, त्यामुळे पाणी ओढणे किंवा सरपण फोडणे हा जाच आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की रहाटाचा दोर वाढवावा लागे, आणि आंघोळ दगडावर बसून करायची, म्हणजे ते पाणी पाटाने लिंबाच्या झाडांना जाई, असा नियम होता.

स्वयंपाकघरातील पाळी मला सर्वांत प्रिय होती. मालदांडी ज्वारीचे ताजे पीठ असेल तर भाकरी सहज थापता येते; परंतु दळण जुने झाले की पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी परातीतच कडेने चिरू लागते. अशा वेळी आमच्या स्वयंपाकीण मावशी आधणाचे पाणी घालून पीठ मळायला लावीत आणि तळहाताच्या कडेने भाकरी फिरवत कशी वाढवायची, हे शेजारी बसून दाखवीत. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरते सुकण्याआधी ती उलटायची आणि शेवटी निखाऱ्यांपुढे उभी करायची. तेथे ती टम्म फुगली की मावशींच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. आमचे रेक्टर रविवारी आमच्याबरोबर संडास धूत असत. त्यांनी श्रमावर कधी भाषण केल्याचे मला आठवत नाही, पण त्यांच्या हातात खराटा असताना काम टाळण्याची कोणाची छाती होत नसे.

प्रतिसाद: माजी विद्यार्थिनी, बार्शी

दादा, वरील आठवणी वाचून आनंद झाला, तरीही मुलींच्या वसतिगृहातील बाजू येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. आमच्या संस्थेत मुलांचे आणि मुलींचे अशी दोन वसतिगृहे होती आणि दोन्हींकडचे धान्य निवडण्याचे काम मात्र आमच्याकडे असे. शनिवारी दुपारी सुपे घेऊन आम्ही ज्वारी पाखडत आणि तुरीच्या डाळीतील खडे वेचत बसत असू, आणि त्याच वेळी मुलांचा खोखोचा सराव चालू असे. परीक्षेच्या दिवसांतही यात खंड पडत नसे. ज्या मुलींचे पालक फी वेळेवर भरू शकत नसत, त्यांना अधीक्षकांच्या घरची भांडी घासायला आणि त्यांची मुले सांभाळायला पाठवले जाई, आणि याची नोंद कोणत्याही पाळीच्या वहीत नसे. मला कामाचा तिटकारा नाही. आजही माझ्या घरी मुलगा आणि मुलगी दोघेही भांडी घासतात. परंतु पाळी कोण लावतो आणि कोणाला कधीच लावत नाही, ही चौकशी आपल्या मंडळाने आधी करावी.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षक, सोलापूर

ताईंचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. ज्या काळी एकाच्या हातचे पाणी दुसऱ्याला चालत नसे, त्या काळी पीठ कोणी मळले हा प्रश्नच शिल्लक न ठेवणे हे त्या श्रमाचे खरे मोल होते. आपल्या सोलापुरातही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये वसतिगृह काढले, कारण दलित मुलांना शहरात राहून शिकायचे तर डोक्यावर छप्पर मिळणेच दुरापास्त होते. हा इतिहास असलेल्या जिल्ह्यात संडास सफाईच्या पाळीवर ठरावीक मुलांचीच नावे येत असतील, तर तिला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

सहा ते चौदा वयोगटातील मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. म्हणून उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून आवार झाडायला लावण्याची जुनी पद्धत बंद झाली पाहिजे. झाडू शिक्षेसाठी वापरला की ते काम मुलाच्या मनातून कायमचे उतरते. माझ्या मते मोठा स्वयंपाक, उकळती भांडी आणि मैला वाहिन्यांची कामे पगारी माणसांकडेच असावीत. वाढणे, स्वतःचे ताट घासणे, खोली झाडणे, झाडांना पाणी घालणे ही कामे मुलांनी करावीत, पाळीची वही भिंतीवर सर्वांना दिसेल अशी टांगावी आणि तिच्यात रेक्टरांचेही नाव असावे.

प्रश्नकर्ता

ताई आणि सर, मनःपूर्वक आभार. मंडळाच्या बैठकीत ठेकेदाराच्या प्रस्तावाआधी पाळीच्या जुन्या वह्या मागवण्याची सूचना मी मांडणार आहे. ज्यांच्याकडे अशा वह्यांची पाने किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी येथे अवश्य कळवावे.