जोडीने सायकल प्रवास आणि तंबूतला मुक्काम : दिवसाची आखणी कशी करावी?

पायवाट

नमस्कार. मी आणि माझी पत्नी गेली तीन वर्षे नियमित सायकल चालवतो. गेल्या महिन्यात आम्ही प्रथमच सामान लादून दिवसभराचा प्रवास आणि रात्री तंबूत मुक्काम असा बेत केला. अंतर ७५ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे ९०० मीटर होता. रिकाम्या सायकलीवर एवढे अंतर आम्ही दुपारपर्यंत संपवतो, त्यामुळे सकाळी साडेआठला निघालो तरी चालेल असे मला वाटले.

प्रत्यक्षात मुक्कामाला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. सामान तोलून प्रत्येकी १५ किलो असे समसमान वाटले होते, तरीही पत्नी प्रत्येक चढावर मागे पडत होती. मी दर वेळी माथ्यावर थांबायचो आणि ती आली की आम्ही पुढे निघायचो. संध्याकाळी तिचे गुडघे दुखू लागले. अंधारात खडकाळ जमिनीत खुंट्या ठोकताना दोन वाकल्या. टॉर्च दातांत धरून दोरी ओढणारी पत्नी एक शब्दही बोलत नव्हती. सकाळी उठलो तर तंबू आतून ओला आणि स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू दमट झालेली होती.

तिला पुन्हा यायचे आहे, पण असा दिवस नको, असे तिने स्पष्ट सांगितले आहे. अंतर कमी करावे, सामान कमी करावे की दोघांसाठी एकच टँडम सायकल घ्यावी? तिच्या सायकलीला पुढचे सर्वांत लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे २८ दात्यांचे आहे.

चढाचा सोबती

तुमच्या वर्णनातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: ‘ती आली की आम्ही पुढे निघायचो.’ याचा अर्थ असा की प्रत्येक माथ्यावर तुम्हाला दहा मिनिटांची विश्रांती मिळाली आणि जिला तिची खरी गरज होती, तिला एक मिनिटही मिळाले नाही. दिवसभरात असे सहा-सात चढ आले असतील, तर तुमची विश्रांती तासाभराची झाली आणि त्यांची शून्य. मागून येणारी व्यक्ती पोहोचल्यावर पाणी पिऊन, श्वास खाली बसून स्वतः ‘निघू या’ म्हणेपर्यंत थांबायचे, एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ फरक पडेल.

आता सामानाविषयी. समसमान वाटणी न्याय्य वाटते, पण चढावर ती न्याय्य नसते, कारण तिथे स्वतःचे शरीर, सायकल आणि सामान असे सगळेच वजन वर न्यावे लागते. उदाहरणादाखल पत्नीचे वजन ५५, तुमचे ७५ आणि प्रत्येक सायकलीचे १५ किलो धरू. प्रत्येकी १५ किलो सामान घेतल्यास त्यांचे एकूण ८५ आणि तुमचे १०५ किलो होते. म्हणजे त्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १.५५ पट भार ओढतात आणि तुम्ही १.४० पट. त्यांच्याकडे १० आणि तुमच्याकडे २० किलो ठेवले, तर दोघांचेही गुणोत्तर १.४६ च्या आसपास येते. दोघांचा दम सारखा असेल, तर चढावरचा वेगही जवळपास सारखाच होईल. सामान हे वेग जुळवण्याचे साधन आहे, असेच समजा. ही आकडेमोड अर्थात सुरुवातीपुरती; खरी वाटणी एखाद्या लांब चढावर करून पाहावी आणि अजूनही अंतर पडत असेल तर तंबू किंवा स्टोव्ह इकडून तिकडे करावा.

गुडघ्यांचे कारण मात्र गिअरमध्ये आहे. ३४ आणि २८ दात्यांवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी साडेनऊ किलोमीटर वेग हवा, आणि तो लादलेल्या सायकलीवर सहा टक्क्यांच्या चढाला टिकत नाही. मग फेरे ४० पर्यंत उतरतात, प्रत्येक फेऱ्याला जोर लावावा लागतो आणि तो सगळा गुडघ्यावर येतो. पुढे २६ आणि मागे ३४ दाते असतील तर एका फेऱ्यात सुमारे १.७ मीटर, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत ताशी सहा किलोमीटर. हा वेग हळू दिसतो, पण तो तासभर टिकवता येतो. त्यांच्या सायकलीला हे बसते का, ते कारागिराकडून पाहून घ्या. टँडमच्या आधी हा बदल करावा असे माझे मत आहे.

मुक्काम

मी तुमच्या पत्नीच्या जागी अनेकदा होते, म्हणून लिहिते. माझे पतीही पुढे जाऊन थांबायचे आणि ‘बरी आहेस ना?’ असे विचारायचे. त्यावर मी दर वेळी ‘हो’ म्हणायचे, कारण नाही म्हटले तर आपल्यामुळे बेत फसला असे होईल, अशी भीती वाटायची. पाय भरून आले आहेत हे मी सांगायचे तेव्हा फार उशीर झालेला असायचा. आता तो प्रश्नच आमच्यात विचारला जात नाही. पुढे मी असते, वेग मी ठरवते आणि ते माझ्या मागे येतात. उतारावर ते पुढे जातात, कारण त्यांना तिथे वेग आवडतो, आणि खाली माझी वाट पाहतात. चढावर पुढे असण्याने मनावरचे किती ओझे उतरते, ते मागे राहिलेल्यालाच कळेल.

फ्रान्समध्ये पॉल द व्हिवी नावाचे सायकलप्रवासी होऊन गेले (१८५३–१९३०), जे व्हेलोसियो या टोपणनावाने ओळखले जात. गिअरच्या सायकलींचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि अंगातले त्राण संपेपर्यंत कधीही सायकल चालवू नये, हा त्यांचा उपदेश आम्ही अक्षरशः पाळतो. दर पाऊण तासाने दोन घास खायचेच, इच्छा असो वा नसो.

दुसरी गोष्ट वेळेची. सायकल थांबली म्हणजे दिवस संपला असे धरू नका. जागा शोधणे, तंबू उभारणे, पाणी आणणे, अंग पुसणे आणि स्वयंपाक या सगळ्याला दोन तास लागतात आणि ते उजेडात मिळायला हवेत. म्हणून आम्ही सूर्यास्ताच्या वेळेपासून मागे मोजत येतो. सामानासह सरासरी ताशी १२ किलोमीटर धरले, तर तुमचे ७५ किलोमीटर म्हणजे नुसते सव्वासहा तास पॅडल मारणे झाले, विश्रांती वेगळीच. पहिल्या काही वेळा ४५ किलोमीटर पुरे.

पायवाट

आपण दोघांनीही इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. आपले दोन्ही प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवले. विश्रांतीबद्दलचे वाक्य ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, ‘मला हेच सांगता येत नव्हते.’ ओल्या तंबूचे कारण मात्र अजून उमगलेले नाही. पाऊस अजिबात नव्हता.

दवबिंदू

पावसाची गरज नसते. दोघांच्या रात्रभराच्या श्वासातली वाफ थंड झालेल्या बाहेरच्या कापडाला लागून तिचे पाणी होते. तुम्ही पाण्याजवळ, खोलगट जागी तंबू लावला होता का? थंड हवा जड असल्याने रात्री तिथे साचते आणि कापड जास्त गार पडते. ओढ्यापासून थोडे वर, शक्य असल्यास झाडांच्या आडोशाला, पण वाळक्या फांदीखाली नव्हे, अशी जागा शोधावी, दोन्ही बाजूंच्या झडपा उघड्या ठेवाव्यात आणि ओले कपडे आत घेऊ नयेत.

पण बॅगची पायाकडचीच बाजू दमट झाली, यावरून मला दुसरी शंका येते. वाकलेल्या दोन खुंट्या कोणत्या बाजूच्या होत्या? त्या पायाकडच्या असतील, तर तिथे बाहेरच्या कापडाला ताण बसला नसणार, ते आतल्या कापडाला टेकले असणार आणि पाणी थेट बॅगवर झिरपले असणार.

टँडमविषयी: त्यावर कोणी मागे राहत नाही हे खरे, पण सामान लावायला जागा एकाच सायकलीची मिळते, दोघांना एकाच लयीत पॅडल मारावे लागते आणि लांब उतारावर ब्रेक फार तापतात. विकत घेण्यापूर्वी एक दिवस भाड्याने चालवून पाहा.

पायवाट

आत्ताच तंबू पसरून पाहिला. दोन्ही खुंट्या पायाकडच्याच होत्या आणि मुक्काम ओढ्याला अगदी लागून होता. पत्नीने पुढचा मार्ग ४२ किलोमीटरचा आखला आहे, निघण्याची वेळ सकाळी सहाची ठरवली आहे आणि तंबू माझ्या कॅरिअरवर टाकला आहे.