रेवदंडा आणि कोर्लई एका दिवसात : वडिलांना आधी काय दाखवावे?

प्रश्न (पेणकर)
नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत. रेवदंड्याला लागूनच असलेल्या चौलच्या जुन्या बंदराविषयी त्यांनी वर्गात वर्षानुवर्षे सांगितले, पण तिथे प्रत्यक्ष जाणे कधी घडले नाही. डिसेंबरमधील एका दिवसात रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा किल्ला दोन्ही पाहून होतील का? त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढणीची चिंता वाटते.

उत्तर (वाडीवाली, चौल)
आधी रेवदंडाच पाहा आणि तिथे घाई करू नका. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये येथे कोट उभारण्यास सुरुवात केली. त्याच्या आत वसलेले ते शहर आता नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरलेले असून, एखाद्या पडक्या चर्चची भिंत कोणाच्या तरी विहिरीशेजारी उभी दिसते. सातखणी मनोऱ्याचे सगळे मजले आज उरलेले नाहीत, तरीही त्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की त्या काळची श्रीमंती कळते. बहुतेक वाट सपाट आहे. फक्त वाडीत शिरण्यापूर्वी मालकांना विचारावे, कारण ती त्यांची राहती जागा आहे.

उत्तर (गडवाटा)
कुंडलिका नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात कोर्लई येते. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये घुसलेल्या डोंगराच्या अरुंद सोंडेवर हा लांबट किल्ला आहे. निजामशाहीने तो बांधायला घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले ते १७४० मध्ये. दीपगृहाजवळून वर जाणारी पायऱ्यांची वाट जवळची असली, तरी दुखऱ्या गुडघ्यांना उतरतानाच अधिक त्रास होतो. माझ्या आईला मी हट्टाने वर नेले आणि परतताना तिला प्रत्येक पायरीवर बसावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. वडिलांना काठी द्या, सकाळच्या उन्हाआधी चढा, अन्यथा दीपगृहापाशीच बसवा. तटबंदी तिथूनही दिसते.

उत्तर (वाडीवाली, चौल)
वरच्या उत्तरात सकाळी चढायला सांगितले आहे, ते मलाही पटते; चढायचे ठरलेच तर माझा क्रम उलटा करून रेवदंडा दुपारनंतर ठेवा. मात्र इतिहासाच्या शिक्षकांनी किल्ल्याइतकाच वेळ कोर्लई गावाला द्यावा, असे मला मनापासून वाटते. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पण येथील ख्रिस्ती कुटुंबे घरात पोर्तुगीजमधून घडलेली भाषा अजून बोलतात आणि तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. बाहेरच्यांशी ती सगळी मराठीत बोलतात. कोणालाही ‘बोलून दाखवा’ म्हणू नका. नळावर किंवा ओट्यावर चाललेले बोलणे सहज कानावर पडेल, तेवढे पुरे.

पेणकर
मनापासून आभार. वडिलांना हे सारे वाचून दाखवले. किल्ला खालूनच पाहायचा आणि उरलेला वेळ गावात काढायचा, असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे.