फूटपाथवर सायकल आली तर वाट कोणी द्यायची?

डेक्कनची_शुभा:
पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्वपासून डेक्कनपर्यंत संध्याकाळी चालून बघा. रुंद फूटपाथ आहे, बसायला बाकं आहेत, जुनी झाडं राखली आहेत, आणि लागूनच सायकल ट्रॅक आहे. आराखड्यात दोघांना दोन वेगळे पट्टे दिलेत. प्रत्यक्षात ट्रॅकवरून माणसं चालतात, सायकली फूटपाथवरून जातात आणि दोघंही एकमेकांवर चिडलेले असतात.

माझं म्हणणं असं आहे: चालणारा आणि सायकलवाला जिथे एकाच जागेत येतात, तिथे वेग चालणाऱ्याचा. सायकलवाल्याला तेवढं हळू जाता येत नसेल तर त्याने उतरावं आणि सायकल हातात धरून पुढे जावं. चालणाऱ्याने मागे वळून बघत चालायचं, ही अपेक्षाच मला मान्य नाही.

ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून 80-90 किलोंचा ऐवज होतो. तरुणाला नुसता धक्का लागेल, खरचटेल. पंच्याहत्तरीच्या बाईचं मात्र त्याच धक्क्याने खुब्याचं हाड मोडतं, आणि त्या वयात खुबा मोडला की पुढे किती जण पूर्वीसारखे हिंडू-फिरू लागतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. अनेक ज्येष्ठ माणसं धडक बसायच्या आधीच, फक्त दचकून पडतात.

पूर्वी पुण्यात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचे, डबलसीट दिसलं तर दंड व्हायचा. आता परवाना नाही, नंबर नाही, विमा नाही. धडक देऊन निघून गेलेल्या सायकलवाल्याला शोधायचं कसं? म्हणून ही जबाबदारी सायकलवाल्यांनी स्वतः घ्यायला हवी असं मला वाटतं. तुमचं मत सांगा.

रोजची_सायकल:
शुभाताई, वेग चालणाऱ्याचा हे मान्य. बाकीच्याला माझा विरोध आहे, आणि तो नीट मांडतो.

मी कामाला सायकलनेच जातो. फूटपाथवर चढायची हौस कुणालाच नसते. तिथे दर पन्नास मीटरवर उतार-चढ, पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्ये विजेची पेटी. तरी माणूस चढतो, कारण खाली बस कोपराला घासून जाते. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यांत 32,825 पादचारी होते आणि तीन टक्क्यांच्या आसपास सायकलस्वार. हे दोघं सहसा एकमेकांवर आदळून मेले नाहीत, दोघांनाही बहुतेक वेळा मोटार वाहनांनी मारलं. तुम्ही ज्याला बेशिस्त म्हणता ती बरेचदा जीव वाचवायची धडपड असते.

दुसरं कारण एकेरी रस्ते. जंगली महाराज रस्ता एका दिशेने, फर्ग्युसन रस्ता उलट दिशेने. ही रचना मोटारींसाठी केलेली आहे. मोटारवाल्याला वळसा म्हणजे पेट्रोलचे काही थेंब. सायकलवाल्याला तोच वळसा पायांनी मारावा लागतो, उन्हात, दोन-तीन सिग्नल घेत. मग तो फूटपाथवरून उलटा येतो. एकेरी रस्त्यावर सायकलींना विरुद्ध दिशेने यायला वेगळा पट्टा ठेवतात, जगात बऱ्याच शहरांत ठेवलाय. इथे तो आखला नाही, आणि राग मात्र सायकलवाल्यावर निघतो.

तिसरं. सायकल ट्रॅकवर चारजणी हातात हात घालून चालतात, कुणी मोबाइलवर बोलत मध्येच थांबतं, कुणी कुत्र्याची लांब साखळी आडवी सोडून उभं राहतं. घंटी वाजवली की "दिसत नाही का?" असं वर आपल्यालाच ऐकावं लागतं. ट्रॅक आमचा आहे ना? मग तिथे तरी वाट कोणी द्यायची?

वकीलसाहेब_सदाशिव:
"सायकलवाल्याला कायदा नाही" असा समज दोन्ही बाजूंनी दिसतो, म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायद्यातली बहुतेक कलमं सायकलला लागू होत नाहीत, हे खरं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 281 (जुन्या दंडसंहितेतलं 279) सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन "चालवणाऱ्या किंवा स्वारी करणाऱ्या" कुणालाही लागू आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इजा झाली तर कलम 125 आहेच.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 138 (1अ) आलं. बिगरयांत्रिक वाहनं आणि पादचारी यांच्यासाठी नियम करायचा अधिकार त्याने राज्यांना दिला. म्हणजे कोण कुठे चालेल आणि कोण कुणाला वाट देईल, हे राज्य सरकार लिहून ठरवू शकतं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 (जगण्याचा हक्क) खाली येणारा हक्क असल्याचं म्हटलं. फूटपाथवर पहिला हक्क कुणाचा, यावर माझ्या दृष्टीने वाद उरत नाही.

पांढरी_काठी:
मला दिसत नाही. मी नोकरीसाठी रोज एकटा प्रवास करतो, म्हणून माझी बाजू मांडतो.

फूटपाथवरच्या पिवळ्या उठावाच्या फरशा आमच्यासाठी असतात. सरळ रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. अनेक सायकलवाल्यांना ती सरळ पट्टी स्वतःसाठीच आखल्यासारखी वाटते. ती सपाट जागेतून जाते आणि तिच्यावर कुणी उभं नसतं. सायकली तिथूनच जातात आणि तिथेच लावल्याही जातात.

मोटार येते तेव्हा मला कळतं. सायकलचा आवाज येत नाही. मागून हवा सरकल्यासारखं वाटतं तोवर ती शेजारी आलेली असते. घंटीबद्दल इथे लिहिलंय, पण घंटी मला फक्त "सायकल आहे" एवढंच सांगते. उजवीकडून येतेय की डावीकडून, एक आहे की तीन, ते सांगत नाही. घंटी ऐकून मी बाजूला सरकलो आणि नेमका सायकलपुढेच गेलो, असं झालेलं आहे. तोंडाने बोला. "दादा, उजव्या बाजूने येतोय" एवढं पुरतं. आणि माझी काठी पुढे फिरत असते, ती चाकात येईल इतक्या जवळून जाऊ नका. काठी मोडली तर मी त्या जागेवरून हलू शकत नाही.

रोजची_सायकल, बसच्या भीतीने तुम्ही वर चढता हे मला समजतं. पण मला खाली उतरायची सोयच नाही. माझ्याकडे फूटपाथ सोडून दुसरी जागा नाही.

टेकडीवरचा:
हाच वाद टेकड्यांवर जास्त वाढलाय. वेताळ टेकडी, तळजाई, इथल्या पायवाटा मुरमाड आहेत. उतारावर गिअरची सायकल वेगात येते, ब्रेक दाबला तरी चाक घसरत पुढे जातं. सकाळी तिथे मुख्यतः म्हातारी माणसं असतात. चढणाऱ्याला वाट द्यायची हा डोंगरातला जुना रिवाज आहे, तो सायकलवाल्यांनीही पाळावा. पावसाळ्यात त्याच वाटेवर चाकांच्या चाकोऱ्या पडतात, त्यातून पाणी वाहतं आणि वाट खचते, तो मुद्दा वेगळाच.

हडपसर_ते_कॅम्प:
इथे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हेल्मेट घातलेला, महागड्या सायकलवरचा माणूस दिसतोय. जरा पहाटे आणि रात्री दहानंतर रस्त्यावर बघा. सोसायटीचा वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, दुधाची पिशवी लावलेला माणूस, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या काही बायका. या शहरात रोज पोटासाठी सायकल चालवणारे हेच लोक आहेत. माझे वडील बारा तासांच्या पाळीसाठी असेच जायचे.

"उतरून हातात धरून चाला" हे बोलायला सोपं आहे. ज्याला दोन घरी वेळेवर पोचायचंय, उशीर झाला तर पगार कापला जातो, त्याला दर गर्दीला उतरायला सांगणं म्हणजे त्याच्या मजुरीतून वेळ काढून घेणं आहे. नियम करा, पण आधी त्याला जागा द्या. बीआरटीच्या (बससाठी वेगळ्या मार्गिकेच्या) वेळी सातारा रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर सायकल ट्रॅक केले होते. कुठे टपरी, कुठे राडारोडा, आणि चौक आला की ट्रॅक संपलाच. 2017 च्या सायकल आराखड्यात 800 किलोमीटरहून जास्त जाळं कागदावर मंजूर झालं. आमच्या बाजूला त्यातलं काय दिसतं ते येऊन बघा.

आणि बिल्ल्याची आठवण काढू नका, शुभाताई. तो दंड भरायची वेळ आली की अर्ध्या दिवसाची कमाई जायची. गरिबालाच पकडणं सोपं असतं.

मुक्काम_टोकियो:
जपानमध्ये राहते, इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते. 1970 च्या दशकात मोटारी वाढल्या आणि सायकलवाले मरू लागले, तेव्हा सरकारने काही फूटपाथ सायकलींना खुले केले. रोजची_सायकल म्हणतात तीच अडचण होती, आणि तात्पुरता वाटलेला तो उपाय कायमचा झाला. एक अख्खी पिढी फूटपाथवर सायकल चालवायला शिकली आणि रस्त्यावर सायकलसाठी जागा मागायची निकड संपली. आता ते मागे फिरवताना सरकारच्या नाकी नऊ आलेत.

पण नियम स्पष्ट आहेत. फूटपाथवर सायकल असेल तर रस्त्याच्या बाजूने, लगेच थांबता येईल इतक्या हळू. पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर सायकलने थांबायचं. आणि वाट मागायला घंटी वाजवणं हा गुन्हा आहे, ती फक्त धोका टाळायला. एप्रिल 2026 पासून सोळा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती द्यायची पद्धतही आली आहे. नियम मोडणारे इथेही आहेत. पण मागून आलेली आई दोन मुलं बसवलेल्या सायकलवरून पाय टेकवून थांबते आणि पुढची आजी बाजूला झाली की "सुमिमासेन" (माफ करा) म्हणत निघते, हे रोज दिसतं.

माझं मत: पुण्याने फूटपाथ सायकलींना कधीही अधिकृतपणे खुले करू नयेत.

कोथरूडकर_७०:
सायकली आणि चालणारे भांडत बसलेत, आणि फूटपाथवर बुलेट चढवणारा मजेत जातोय. आधी त्याचं बघा.

डेक्कनची_शुभा:
कोथरूडकर काका, दुचाकी फूटपाथवर आणायला आजही बंदीच आहे, त्यावर इथे कुणाचं दुमत नाही. पण दुचाकीवाला जास्त वाईट म्हणून सायकलचा धक्का कमी लागत नाही.

हडपसर, तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंत ते मनापासून वाचलं. वॉचमनची सायकल पहाटे पाचला रिकाम्या फूटपाथवरून जाते, तिला माझी हरकत नाही. तेव्हा "चालणाऱ्याचा वेग" हा प्रश्नच येत नाही, कारण चालणारा नसतो. मी बोलतेय ती संध्याकाळच्या गर्दीबद्दल. आणि दंड मी मागितलेला नाही.

एक गोष्ट मात्र सोडणार नाही. "आधी जागा द्या, मग नियम" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. जागा महापालिका देईल तेव्हा देईल. पांढरी_काठी यांना घराबाहेर उद्या सकाळी पडायचंय. तोंडाने आवाज देणं, पिवळी पट्टी सोडणं, गर्दीत पाय टेकवणं, याला कुठला आराखडा लागतो?

रोजची_सायकल, ट्रॅकबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथून चालणाऱ्यांनी कडेला एका रांगेत चालावं, फोन आला तर बाहेर यावं, कुत्र्याची साखळी आखडती घ्यावी. पण ट्रॅकवर माणूस का येतो तेही बघा. फूटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. दुकानांच्या पायऱ्या, पथारी, लावलेल्या गाड्या वजा करून किती ठिकाणी तेवढा उरतो? बाबागाडी घेऊन निघालेली आई ट्रॅकवर येणारच.

रोजची_सायकल:
म्हणजे बसला घाबरून मी वर आलो तर बेशिस्त, आणि पथारीमुळे आई ट्रॅकवर आली तर तिची अडचण? दोघांनाही एकच न्याय लावा.

पांढरी_काठी, तुमचं वाचून सांगतो: पिवळ्या पट्टीवर मी सायकल घालणार नाही, लावणारही नाही, आणि आमच्या रविवारच्या गटात हे सगळ्यांना सांगेन. बोलून वाट मागणं घंटीपेक्षा बरं, तेही पटलं. पण फूटपाथवर अजिबात येऊ नका, हे मी आज कबूल करू शकत नाही. माझी मुलगी नववीत आहे, शाळेत सायकलने जाते. संचेतीच्या चौकात तिला बसच्या शेजारून जा असं मी सांगणार नाही. तिला सांगेन की फूटपाथवर चढ आणि माणूस दिसला की उतर.

पांढरी_काठी:
तुमच्या मुलीला एवढंच शिकवलंत तरी चालेल. फक्त "माणूस दिसला की" मध्ये मागून दिसणारा माणूसही धरायला सांगा. मी तिला वळून बघणार नाही.

हडपसर_ते_कॅम्प:
वकीलसाहेब, त्या 138 (1अ) खाली नियम करताना हरकती-सूचना मागवतात का? मागवत असतील तर एकेरी रस्त्यावर सायकलला उलट दिशेचा पट्टा, ही पहिली सूचना मी घालतो. शुभाताई, फूटपाथवर चालणाऱ्याचा वेग, ही तुम्ही घाला. दोन्हींवर आपण सगळे सही करू.

वकीलसाहेब_सदाशिव:
नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या, हे कायद्यातच आहे. मुदत मसुद्यात दिलेली असते. दोन्ही सूचना मराठीत आणि लेखी तयार ठेवा. पिवळ्या पट्टीची तिसरी सूचना पांढरी_काठी यांच्याकडून यावी.