अपडेटनंतर रूट गेलं, जुनी पॅच केलेली फाइल परत टाकली तर चालेल का?

हळकुंड_सांगली:
मंडळी, मार्केट यार्डात हळदीची आडत आहे आमची. निम्मे सौदे फोनवरच ठरतात आणि नंतर समोरचा म्हणतो मी हा भाव बोललोच नव्हतो, म्हणून फोन रूट करून, म्हणजे सिस्टमवर पूर्ण ताबा घेऊन, बीसीआर हे कॉल रेकॉर्डर टाकलं होतं, कारण मे २०२२ पासून गुगलनं प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपना कॉल रेकॉर्डिंग बंद केलं आणि गुगलच्या डायलरमधनं रेकॉर्ड करायला गेलं की ती बाई आधी समोरच्याला सांगूनच टाकते. आता काय झालं, रात्री चार्जिंगला लावला होता तर सिस्टम अपडेट आपोआप पडलं, अँड्रॉइड १४ चं १५ झालं आणि मॅजिस्क, म्हणजे ज्यानं रूट केलं ते टूल, उघडलं तर इन्स्टॉल्डच्या पुढं नुसतं एनए, म्हणजे काहीच नाही. बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणारा भाग, अजून अनलॉकच दिसतोय. ओळखीचा मोबाईलवाला म्हणतो मॅजिस्कनं पॅच केलेली, म्हणजे बदललेली, जुनी फाइल लॅपटॉपवर आहे ना, तीच फ्लॅश कर, म्हणजे फोनमध्ये लिही, पाच मिनिटांचं काम. करू का? यार्डातले सगळे नंबर त्यात आहेत, डेटा उडाला तर आबा घरात घ्यायचे नाहीत.

कोयनाकाठ_कराड:
अजिबात नको भावा. ती फाइल १४ च्या बिल्डची आहे, १५ वर टाकलीस तर फोन लोगोवरच फिरत बसंल. अपडेटनं बूटचा भाग नवीन लिहिला म्हणून मॅजिस्क पुसलं गेलं, एवढंच झालंय. डेटाला काही झालेलं नाही आणि मॉड्यूल, म्हणजे बीसीआरसारखी मॅजिस्कमध्ये जोडलेली भर, पण डेटातच पडून असतात, नवीन फाइल पॅच करून टाकली की बीसीआर आपोआप परत येतं.
सेटिंगमध्ये बिल्ड नंबर बघ आणि अक्षर न् अक्षर तोच नंबर असलेला पूर्ण रॉम, म्हणजे फोनच्या अख्ख्या सिस्टमची फाइल, उतरवून घे. पूर्ण म्हणजे दोन-चार जीबीचा, ते छोटं अपडेट घेऊ नकोस, त्यात फक्त फरक असतो, पॅच करायला लागणारी अख्खी इमेज (त्या भागाची फाइल) निघत नाही. झिपमध्ये पेलोड डॉट बिन असंल तर पेलोड डंपर या टूलनं इमेज बाहेर काढ.
एक सांग, फोन विकत घेतला तेव्हा डब्यातनं कुठलं अँड्रॉइड होतं?

चारभिंती_सातारा:
कशाला हा उद्योग राव, यूपीआय चालतं का तुझं? माझ्या भाच्यानं रूट केलेला, पेमेंटचं अ‍ॅप उघडलं की लगेच बंद. गुगलची फोन तपासणारी जुनी सेफ्टीनेट होती तोवर लपवाछपवी जमायची, आता त्याजागी प्ले इंटिग्रिटी आलंय. सौदा झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर भाव लिहून घ्यायचा, विषय संपला.

हळकुंड_सांगली:
डब्यातनं १३ होतं. यूपीआय दुसऱ्या फोनवर आहे दादा, पण गंमत बघा, आता रूट गेलंय तरी या फोनवर ते चालत नाहीच. आणि लिहून घ्यायचं म्हणताय, तर सौद्याच्या गडबडीत समोरचा फोन ठेवून मोकळा होतो.

कोयनाकाठ_कराड:
चालणार नाहीच, बूटलोडर अनलॉक आहे ते त्याला कळतं. म्हणून कुणी सांगितलं तर लॉक करायला जाऊ नकोस, लॉक केलास की सगळा डेटा साफ आणि पॅच केलेली फाइल आत असताना केलास तर फोनच उठायचा नाही.
१३ घेऊन आलेला म्हणजे तुला बूट नाही, इनिट बूट या वेगळ्या भागाची इमेज पॅच करायची. तिथंच लोक फसतात. मॅजिस्क अ‍ॅपमध्ये इन्स्टॉल, फाइल निवडा, मग डाउनलोडमध्ये आलेली नवीन फाइल लॅपटॉपवर घेऊन फास्टबूट या लॅपटॉपवरच्या टूलनं इनिट बूटवरच फ्लॅश कर. न बदललेली मूळ इमेज शेजारीच ठेव, फोन अडकला तर ती परत टाकली की उठतो. जुन्या एखाद्या मॉड्यूलमुळं अडकला तर सेफ मोडला चालू कर, मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतं. आणि आधी नंबरांचा बॅकअप घे, आबांसाठी.
पुढच्या वेळी डेव्हलपर ऑप्शनमधलं ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेव. अपडेट घेताना मॅजिस्कमधनं आधी रिस्टोअर इमेजेस (मूळ इमेज परत येते), मग अपडेट इन्स्टॉल होऊ दे पण रिस्टार्ट दाबू नकोस, परत मॅजिस्कमध्ये जाऊन इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉटला (सिस्टमची दुसरी, सध्या बंद असलेली प्रत) इन्स्टॉल कर आणि तिथनंच रिबूट. दोन स्लॉटवाल्या फोनला लॅपटॉप लागतच नाही.

हळकुंड_सांगली:
झालं! इनिट बूटच होतं, बीसीआर जुन्या सेटिंगसकट परत आलं. मोबाईलवाल्याला धागा पाठवलाय, अजून काही बोलला नाही.